पहिला लाल कोण दाखवणार? फोर्डच्या एका आढावा बैठकीचं प्रकरण

२००६ सालचे शेवटचे महिने. फोर्ड मोटर कंपनीच्या डिअरबॉर्नमधल्या मुख्यालयात दर गुरुवारी सकाळी सगळ्या विभागप्रमुखांची आढावा बैठक भरायची. कंपनी त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून जास्त तोट्यात जाणार होती. शंभर वर्षं ओलांडलेल्या कंपनीच्या इतिहासातला तोवरचा तो सगळ्यात मोठा वार्षिक तोटा. आणि बैठकीत पडद्यावर येणारी प्रत्येक स्लाइड हिरवी, म्हणजे सगळं योजनेप्रमाणे चाललेलं. उत्पादन हिरवं, विक्री हिरवी, खर्च हिरवा, नव्या गाड्यांची तयारी हिरवी. नवे सीईओ अॅलन मुलॅली यांनी शेवटी विचारलं, की आपण अब्जावधी डॉलर घालवणार आहोत, तर बिघडलेलं असं काहीच नाही का?

पुढे एका गुरुवारी एका अधिकाऱ्याने लाल स्लाइड दाखवली आणि मुलॅलींनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती पार गुळगुळीत झाली आहे. टाळ्या वाजवणाऱ्याचं कौतुक होतं आणि वर्ग पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला मात्र लाल स्लाइड दाखवणाऱ्याच्या खुर्चीत जास्त रस आहे, कारण आपल्यातले बहुतेक जण सीईओ नसतात. वर एक बॉस, खाली एक टीम आणि हातात एक वाईट बातमी, अशा मधल्याच कुठल्या तरी पायरीवर आपली नोकरी जाते.

त्या खुर्चीतला माणूस

मार्क फील्ड्स १९८९ मध्ये फोर्डमध्ये आले. चाळिशी गाठायच्या आतच त्यांना फोर्डचं नियंत्रण असलेल्या माझ्दा कंपनीचं अध्यक्षपद मिळालं. २००६ मध्ये ते उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या कारभाराचे प्रमुख होते, म्हणजे जिथे आग लागली होती नेमक्या त्याच घराचे. त्या जानेवारीत कंपनीने पुनर्रचनेची योजना जाहीर केली होती: १४ कारखाने बंद करायचे आणि २०१२ पर्यंत २५ ते ३० हजार नोकऱ्या कमी करायच्या. या योजनेचा चेहरा फील्ड्सच होते. वर्ष संपायच्या आत ती अपुरी पडल्याचं सगळ्यांना दिसलं. पुढचे सीईओ म्हणून ज्यांची नावं घेतली जात, त्यांत फील्ड्स होते. सप्टेंबरमध्ये ती खुर्ची बाहेरच्या माणसाला मिळाली.

बाहेरचा म्हणजे अगदीच बाहेरचा. मुलॅली ३७ वर्षं बोइंगमध्ये होते. ७७७ विमानाचा प्रकल्प त्यांनी चालवला होता आणि नंतर तिथल्या सगळ्या प्रवासी विमानांच्या विभागाचे ते प्रमुख झाले. मोटारींचा गुंतागुंतीचा धंदा विमानवाल्याला कसा झेपणार, असं फोर्डमधल्या एकाने विचारलं तेव्हा मुलॅली म्हणाले, की मोटारीत दहा हजारांच्या आसपास भाग असतात, विमानात वीस लाख, आणि विमानाला हवेत टिकून राहावं लागतं.

(इथे एक गोष्ट सहसा सुटते. त्या वर्षीचा पहिला लाल फील्ड्स यांनी दाखवलाच नव्हता. हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड तेव्हा अध्यक्षही होते आणि सीईओही. त्यांनी सीईओपद स्वतःहून सोडून बाहेरचा माणूस आणला. आडनाव कंपनीच्या पाटीवर असलेल्या माणसाने ‘हे माझ्याच्याने होत नाहीये’ असं कबूल करणं सोपं नसणार.)

फील्ड्स यांची अवस्था कशी होती पाहा. बढती हुकलेली, स्वतःच्या नावाची योजना फसत चाललेली आणि कंपनीच्या मोठ्या तोट्याचा उगम आपल्याच विभागात. आता त्यांचा नंबर लागणार, असं इमारतीत बोललं जात होतंच. अशा वेळी कुठलाही अनुभवी नोकरदार काय करेल? मान खाली घालून हिरवा रंग दाखवत राहील.

बैठकीचं यंत्र

मुलॅली येण्याआधी फोर्डमध्ये बैठकांना तोटा नव्हता. वरिष्ठ अधिकारी जाडजूड फायली आणि त्या फायलींतली उत्तरं शोधून देणारे सहायक घेऊन यायचे. मोठ्या बैठकीत काय बोलायचं हे ठरवायला आधी छोट्या बैठका व्हायच्या. आपल्या विभागाची खरी माहिती हे तिथे हत्यार होतं, आणि हत्यार कोणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिथल्या कारभाराचं मूळ सूत्र होतं. मूठ उघडली तर शेजारच्या विभागाचा प्रमुख त्याचा वापर करणार, याची खात्री असायची.

मुलॅलींनी या सगळ्याच्या जागी एकच साप्ताहिक बैठक आणली. ठरलेला वार, ठरलेली वेळ, सगळे विभागप्रमुख हजर किंवा दूरवरून जोडलेले. स्वतःच्या विभागाबद्दल प्रमुखाने स्वतः बोलायचं, सहायकाने नाही. फोन बाजूला, आपसातली कुजबुज बंद, दुसऱ्याची टिंगल बंद. प्रत्येक बाबीला एक रंग द्यायचा. योजनेप्रमाणे चाललं असेल तर हिरवा. मागे पडलोय, पण पुन्हा मार्गावर कसं यायचं ते माहीत आहे, तर पिवळा. मागे पडलोय आणि उपाय अजून सापडलेला नाही, तर लाल.

लालच्या या व्याख्येपाशी जरा थांबायला हवं. पिवळा दाखवणं तसं सोपं, कारण त्यात संकटही आहे आणि संकट हाताळणारा आपला कर्तबगार चेहराही. लाल म्हणजे सगळ्यांसमोर ‘मला अजून कळलेलं नाही’ असं म्हणणं. मॅनेजर म्हणून पगार मिळतो तो माहीत असण्याचा, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. म्हणून बहुतेक कंपन्यांत लालाचा पिवळा करून आणि पिवळ्याचा हिरवा करून माहिती वर जाते. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा रंग धुतला जातो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर स्वच्छ हिरवळ पोचते. आयटीवाले अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात.

मीही कलिंगडं पिकवली आहेत. एका प्रकल्पाचा आढावा देताना सलग पाच आठवडे हिरवा रंग दाखवला होता, ‘पुढच्या आठवड्यात भरून काढू’ या आशेवर. खोटं बोलतोय असं तेव्हा एकदाही वाटलं नाही. सहाव्या आठवड्यात रंग थेट लाल झाला तेव्हा बॉसने विचारलं, ‘मागच्या आठवड्यात हिरवं होतं ना?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशिराबद्दल फारसं कोणी बोललं नाही, पण पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक आकड्याची दुसऱ्याकडून पडताळणी होत राहिली.

तो गुरुवार

फोर्ड तेव्हा एज नावाची नवी गाडी आणत होती. मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांपासून ग्राहक दूर जाऊ लागले होते, त्यामुळे मधल्या आकाराच्या या क्रॉसओव्हरवर बरीच भिस्त होती. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात उत्पादन सुरू झालं होतं. गाड्या बाहेर पाठवायच्या तोंडावर एक तांत्रिक दोष दिसला आणि त्याचं कारण काही सापडेना. फील्ड्स यांनी गाड्या रोखून धरल्या. मग गुरुवारच्या स्लाइडवर एजच्या चौकटीला लाल रंग दिला.

हा नवा माणूस बोलतो तसा खरंच आहे का, हे कोणीतरी तपासायला हवंच होतं, अशा अर्थाचं फील्ड्स यांनी नंतर सांगितलं आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर ज्याची नोकरी तशीही जाणार असं सगळे धरून चाललेत, त्यानेच का बांधू नये? या धाडसात हिशेबाचा भाग होता, असं मला वाटतं. त्यामुळे ते कमी ठरत नाही. ज्याच्यापाशी गमावण्यासारखं थोडं उरलंय, त्याला खरं बोलणं स्वस्त पडतं. म्हणून खरं तर ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याकडून खरी माहिती काढणं जास्त अवघड असतं, हे बॉसमंडळींनी लक्षात ठेवावं.

स्लाइड आली. खोली चिडीचूप. बळीचा बकरा ठरला, एवढंच इतरांच्या मनात आलं असणार. मुलॅलींनी टाळ्या वाजवल्या आणि परिस्थिती इतकी स्पष्ट दाखवल्याबद्दल फील्ड्स यांचं अभिनंदन केलं. मग त्यांनी टेबलाभोवती पाहत विचारलं, की यात मार्कना कोण मदत करू शकेल?

टाळ्यांपेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गुणवत्ता विभागाकडून तज्ज्ञ देऊ केले गेले, खरेदी विभागाकडून पुरवठादाराशी बोलण्याची तयारी आली. काही मिनिटांत विषय संपला आणि बैठक पुढे गेली. मुलॅलींनी स्वतः उपाय सुचवला नाही, मुळाशी जाण्याची चर्चाही तिथे होऊ दिली नाही. अशा खोलवरच्या कामासाठी त्यांनी वेगळी बैठक ठेवली होती. गुरुवारी फक्त काय कुठे आहे आणि कोणाला कोणाची गरज आहे एवढंच.

नंतर फील्ड्स यांची खुर्ची रिकामी दिसली नाही, तेव्हा बाकीच्यांना कळायचं ते कळलं. पुढच्या काही आठवड्यांत त्या भिंतीवर लाल-पिवळ्याचा पाऊस पडला. हिरव्या हिरवळीवर तोटा कसा उगवतो, हे कोडं त्या दिवशी सुटलं. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं थोडंच राहतं!

बॉस मुलॅली नसेल तर?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो रास्त आहे. टाळ्या वाजवणारा बॉस मिळणं नशिबाचा भाग. पण फील्ड्स यांच्या बाजूने पाहिलं तर टाळ्यांची वाट न पाहता करण्यासारख्या काही गोष्टी त्यांनी केल्या होत्या.

आधी कृती केली, मग बातमी दिली. गाड्या रोखून झाल्या होत्या. दोषी गाड्या कारखान्याबाहेर पडत असताना दाखवलेला लाल हा नुसता कबुलीजबाब ठरला असता. आपल्या अधिकारात जेवढं नुकसान थांबवता येतं तेवढं थांबवूनच वर जावं. त्याने बातमी वाईटच राहते, पण ती सांगणारा माणूस हतबल दिसत नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी एकच चौकट लाल केली. त्यांच्या विभागात बिघडलेलं बरंच काही होतं, तरी एक गाडी, एक कारखाना, एक दोष, एवढंच समोर ठेवलं. ‘सगळीकडेच अडचणी आहेत’ असं ऐकल्यावर कोणीच मदतीला उठत नाही. कोणत्या टोकाला हात लावायचा हे कळायला हवं ना.

आणि वेळ. गाडी ग्राहकाच्या हातात पडण्याआधीचा तो गुरुवार होता. निर्णय बदलण्याची मुभा असेपर्यंत वाईट बातमी ही माहिती असते, नंतर ती चौकशी होते. आपल्याकडून उशीर होतो तो बहुतेक याच आशेने, की अजून दोन दिवसांत कारण सापडेल आणि लाल दाखवावाच लागणार नाही. ते दोन दिवस बॉसचे असतात. आपण ते त्याला न विचारता खर्च करतो.

शब्दही महत्त्वाचे. ‘थोडे चॅलेंजेस आहेत, पण टीम जोर लावतेय’ हे वाक्य आढावा बैठकांत रोज ऐकू येतं आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही. त्याऐवजी: ‘१५ तारखेची डिलिव्हरी जाणार नाही. कारण अजून सापडलेलं नाही. माल मी थांबवला आहे. टेस्टिंगची दोन माणसं दहा दिवस मिळाली, तर पुढच्या गुरुवारी नक्की तारीख सांगतो.’ चार छोटी वाक्यं. काय बिघडलं, काय माहीत नाही, काय केलं, काय हवंय. तारीख चुकली ती चुकलीच, पण आता समोरच्याला ‘कोणाची चूक’ याखेरीज दुसरं काहीतरी विचारायला जागा मिळाली.

एका बाबतीत मात्र मी फील्ड्स यांची नक्कल करायला सांगणार नाही. तुमच्या बॉसचाही बॉस बसलेला असेल, अशा बैठकीत लाल पहिल्यांदा उघड करू नका. मुलॅलींच्या पद्धतीत आधीच्या गुपचूप बैठकांना जागा नव्हती, कारण तिथे नियम वरूनच बदलला होता. जिथे तो बदललेला नाही, तिथे आदल्या दिवशी बॉसला एकट्याला गाठून दहा मिनिटं बोलणं शहाणपणाचं. त्याला हिरव्याची सवय झालेली असते, पहिला राग त्या बंद खोलीत निघून जातो. तिथेही तो ‘उद्या पिवळाच दाखव’ म्हणाला, तर तुम्ही कोणत्या प्रकारच्या ठिकाणी काम करता हे तुम्हाला कळलं. पुढच्या नोकरीचा विचार सुरू करायला याहून चांगलं कारण नसतं. आणि त्या बोलण्याचा सारांश दोन ओळींत मेल करून ठेवा.

हेच बॉसच्या खुर्चीतून पाहिलं तर सगळा खेळ पहिल्या काही सेकंदांचा आहे. तोंडातून ‘हे झालंच कसं?’ निघालं, की त्या खोलीतले बाकीचे सगळे मनातल्या मनात आपापले लाल पुन्हा हिरवे करून टाकतात. कारणमीमांसा व्हायलाच हवी, पण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत. आणि लाल फुकटही नसावा. मुलॅलींच्या बैठकीत तीच बाब पुढच्या गुरुवारी पुन्हा पडद्यावर यायची, त्याच्याही पुढच्या गुरुवारी यायची. ‘मला कळलेलं नाही’ हे एका आठवड्याला शोभतं. चौथ्या आठवड्यातही तेच ऐकू आलं, तर माणूस प्रामाणिकपणाच्या आडोशाला निवांत बसलाय असं समजावं. लाल दाखवण्याचं कौतुक सुरू झालं की असे आडोसे शोधणारेही निघतातच.

शेजारच्या शहरातलं दुसरं चित्र

डिअरबॉर्नला खेटूनच डेट्रॉइट, आणि तिथे जनरल मोटर्स. २०१४ मध्ये या कंपनीने सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत मागवल्या. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायच्या नाहीत. या दोषाच्या खुणा कंपनीत दहा वर्षांहून अधिक काळ फिरत होत्या. नंतर नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीने वकील अँटन वालुकास यांच्याकडून चौकशी करवली. त्यांच्या अहवालात तिथल्या बैठकांमधल्या दोन सवयींची नोंद आहे. एक ‘जीएम नॉड’: पुढे काय करायचं यावर सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि कोणीच काही न करता खोलीबाहेर पडायचं. दुसरी ‘जीएम सॅल्यूट’: हातांची घडी घालून दोन्ही बोटं बाहेरच्या दिशेला, म्हणजे जबाबदारी माझी नाही, याची किंवा त्याची.

तिथे माहिती होती, बैठकाही होत होत्या. ‘कोण मदत करेल’ हे विचारून उत्तराखाली एका माणसाचं नाव लिहून घेणारं कोणी नव्हतं.

टाळ्यांनी कंपनी वाचली का?

नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण गोष्टीरूपात ते गळून पडतं. लाल स्लाइडनंतर दोन वर्षांनी, २००८ मध्ये फोर्डचा तोटा साडेचौदा अब्ज डॉलरवर गेला, २००६ पेक्षाही जास्त. कंपनी तगली ती मुख्यतः २००६ च्या अखेरीस घेतलेल्या सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलरच्या कर्जावर. त्यासाठी कारखान्यांपासून निळ्या लंबगोलातल्या नाममुद्रेपर्यंत जवळपास सगळं तारण ठेवलं होतं. २००८ च्या मंदीत बाजारातला पैसा आटला तेव्हा फोर्डच्या गाठीशी रोकड होती. अॅस्टन मार्टिन विकली, जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सला २.३ अब्ज डॉलरला दिल्या, व्होल्व्होही नंतर गेली. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात उभ्या राहिल्या. फोर्डवर ती वेळ आली नाही. (सरकारकडून काहीच घेतलं नाही, हे मात्र खरं नाही. त्याच वर्षी इंधन-बचतीच्या तंत्रासाठी ऊर्जा खात्याचं ५.९ अब्ज डॉलरचं कर्ज तिला मंजूर झालं.)

गुरुवारच्या बैठकीने इतकंच केलं, की हा पैसा कुठे गळतोय ते दर सात दिवसांनी दिसत राहिलं.

फील्ड्स यांचं पुढे

बढती हुकल्यावर दोन-तीन महिन्यांत राजीनामा देऊन दुसरीकडे जाणं हा रूढ मार्ग. फील्ड्स थांबले. ज्या माणसाने आपली खुर्ची घेतली त्याच्याच हाताखाली, त्याच्याच पद्धतीने काम केलं. डिसेंबर २०१२ मध्ये ते मुख्य कार्यचालन अधिकारी झाले आणि १ जुलै २०१४ ला मुलॅली निवृत्त झाल्यावर सीईओ. एका स्लाइडने हे मिळवून दिलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मधल्या काळात उत्तर अमेरिकेचा धंदा त्यांच्याच देखरेखीखाली नफ्यात आला होता. त्या स्लाइडने एवढंच घडवलं असावं, की नंतर ते ‘हिरवं’ म्हणाले की लोक विश्वास ठेवायचे.

सीईओ झाल्यावर २०१५ मध्ये कंपनीने विक्रमी करपूर्व नफा कमावला. योजनेच्या मापाने पाहिलं तर सगळं हिरवं, आणि या वेळी खोटं नसलेलं. शेअरचा भाव मात्र घसरत राहिला. एप्रिल २०१७ मध्ये बाजारमूल्यात टेस्ला फोर्डच्या पुढे गेली. आदल्या वर्षी टेस्लाने सुमारे ७६ हजार गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या होत्या आणि फोर्डने साधारण ६६ लाख विकल्या होत्या. गुंतवणूकदार आता विजेवर चालणाऱ्या आणि चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्यांबद्दल विचारत होते. आपण योजनेच्या किती मागे-पुढे आहोत हे तीन रंग चोख सांगतात, पण योजनाच जुनी झाली असेल तर त्या तक्त्यात तिच्यासाठी चौकट नसते. मुलॅलींच्या पद्धतीतला हा अपुरेपणा मला नंतर जाणवला. गुरुवारी ती उणीव काढायला कोणी बसतही नसावं, कारण योजना ज्यांनी आखली तेच टेबलाभोवती असतात.

२२ मे २०१७ ला संचालक मंडळाने फील्ड्स यांना बाजूला केल्याचं जाहीर झालं. त्यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत शेअर जवळपास ४० टक्क्यांनी उतरला होता. नवे सीईओ जिम हॅकेट यांची बरीचशी हयात ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या स्टीलकेस कंपनीत गेली होती. त्या लाल स्लाइडला तोवर साडेदहा वर्षं झाली होती, आणि मोटारधंद्याबाहेर वाढलेला माणूस फोर्डच्या खुर्चीत पुन्हा एकदा येऊन बसला होता.